अर्धा निरोप

आपल्या नवऱ्याला ऐकू येत नाही अशी तक्रार करणाऱ्या बायका पुष्कळ असतात, आणि त्यातल्या बहुतेकींच्या नवऱ्यांचे कान ठणठणीत असतात. हिचा नवरा मात्र खरोखरच बहिरा होता. आठव्या वर्षी त्याला ताप आला, दवाखान्यात ओळीने इंजेक्शनं टोचली, ताप उतरला आणि तापाबरोबर कानही गेले. पुढे तो ओठ वाचायला शिकला, आणि असा पक्का शिकला की समोर उभं राहून बोलणाऱ्याला बराच वेळ पत्ता लागायचा नाही. फक्त त्याचा आवाज सपाट होता आणि नको तिथे नको तितका मोठा लागायचा.

धंदा कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवत, आणि हा घरामागच्या खोलीत प्लास्टर, मेण आणि गुलाबी ॲक्रिलिक घेऊन दिवसभर दुसऱ्यांचे दात बसवत राही. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. डॉक्टरांचे फोन ती घ्यायची. वरची डावी दाढ उंच झाली, खालची कवळी बोलताना उडते, असं जे काही असेल ते ऐकायचं, मागे जायचं, टेबलावर दोनदा टकटक करायची, आणि त्याने वर पाहिलं की उजेडाकडे तोंड करून सांगायचं. इतर बायका नवऱ्याला 'अहो' म्हणून हाक मारतात. हिची हाक म्हणजे टेबलावरची टकटक.

निरोपाच्या बाबतीत तो फार कडक होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी कुणी नातेवाईक भर जेवणात त्याच्याबद्दल काहीतरी वंगाळ बोलला, आणि त्याने 'काय म्हणाले?' विचारल्यावर ती म्हणाली, 'काही नाही, हवापाण्याचं.' नंतर त्याला कळलं. दोन दिवस त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, आणि ओठ वाचणारा माणूस तोंडाकडे पाहत नाही म्हणजे बोलणंच बंद. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मला काय ऐकवायचं ते तू ठरवायचं नाहीस. शिवी असली तरी शिवी सांगायची." तेव्हापासून ती सगळं सांगत आली. ऐकताना तिला लाज वाटली, राग आला, तरी सांगत आली. तिला त्याचा अभिमानही होता, हे कबूल करायला हवं.

मूल त्यांना नव्हतं. नव्हतं म्हणजे होऊ दिलं नव्हतं.

त्याच्याकडच्या पुरुषांचे कान जायचे. त्याचा मामा बहिरा होता. त्या मामाचा मामा म्हणे असाच होता. घरात कौतुकाने सांगायचे, 'आमच्याकडे मुलगा मामावर जातो.' नाक मामाचं, कपाळ मामाचं आणि कानही मामाचे. सासू म्हणायची, "हे आमच्या पुरुषांचं आहे. बायकांना काही होत नाही." आणि लग्नानंतर चौथ्या वर्षी हिला दिवस गेले, तेव्हा नवऱ्याने आठ दिवस दातांना हात लावला नाही. त्या वेळच्या कानाच्या डॉक्टरने चष्मा पुसत सांगितलं, घराण्यातच आहे म्हटल्यावर मुलात उतरण्याची भीती राहणारच. झालं. एवढ्या आधारावर नवऱ्याने ठरवून टाकलं की हे आपल्यापाशी संपवायचं.

ती म्हणाली होती, "झालं तुमच्यासारखं तर काय बिघडलं? तुमच्याशी मी लग्न केलंच ना?"

हे ऐकून, म्हणजे पाहून, तो लहान मुलासारखा रडला. तिला वाटलं, जिंकले. पण रडून झाल्यावर डोळे पुसत तो म्हणाला, "वर्गात शेवटच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर उगाच हसायचं म्हणजे काय असतं ते तुला माहीत नाही. माझ्या मुलाच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही." सासू शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. तिसरा महिना संपायच्या आत ती दवाखान्यात जाऊन मोकळी झाली, आणि पुन्हा प्रश्नच नको म्हणून त्याने पाठोपाठ स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या वर्षी नणंदेला मुलगा झाला. दोन वर्षांचा असताना त्याच्या छातीत कफ साठला, दवाखान्यात ठेवलं, आणि घरी आला तो हाकेला ओ देईनासा झाला. नवऱ्याने हिच्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "पाहिलंस?"

तिने पाहिलं. तिला त्या क्षणी त्याचं डोकं फोडावंसं वाटलं होतं, आणि त्याच क्षणी तो बरोबर होता असंही वाटलं होतं. तो बरोबर होता, या एका खुंटीवर तिने पुढचं सगळं आयुष्य टांगलं. नाहीतर कशावर टांगणार?

बहिऱ्यांच्या संघटनेत त्याला त्यामुळे मोठा मान. सभेत तो उभा राहायचा आणि सांगायचा, मी स्वतःच्या सुखाकडे पाहिलं नाही. तरुण जोडपी त्याचा सल्ला घ्यायला घरी यायची. ती त्यांना चहा द्यायची आणि आत जायची.

आता तोच नणंदेचा मुलगा लग्नाला उभा होता. चांगला पोरगा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. 'मामा दात करतो, भाचा डोळे करतो, कानाचं तेवढं आमच्यात कुणाला जमलं नाही,' हा त्याचाच विनोद, आणि तो स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसायचा. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीशी त्याचं जमलं होतं. मुलीला छान ऐकू येत होतं. भाच्याने तिला आधीच सांगून टाकलं होतं, मूल नाही. मामाने केलं तसंच मीही करणार. ऑपरेशनची तारीखही घेतली होती, येत्या सोमवारची. मामा बरोबर जाणार होता.

मागच्या महिन्यात ती मुलगी एकटीच आली होती. बराच वेळ चहाच्या कपाशी चाळा करत बसली आणि मग विचारलं, "मामी, तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"सवय होते," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. दात काढल्यावर राहिलेल्या खड्ड्याचीही सवय होते, जीभ तिथे जायची थांबत नाही इतकंच. पण हे काही तिने त्या पोरीला सांगितलं नाही.

शुक्रवारी दोघं हॉस्पिटलात गेली. काही महिन्यांपूर्वी नवरा नवं श्रवणयंत्र बघायला गेला होता, तेव्हा त्या विभागात बहिऱ्या पेशंटांच्या रक्ताची तपासणी चालली होती. फुकट होती म्हणून यानेही दंड पुढे केला. आता निकाल आला होता. लेखी कागद नंतर पाठवू, आधी समजावून सांगतो, असा फोन आला होता. समजावून सांगणारी डॉक्टर म्हणजे जेमतेम तिशीची मुलगी, सर्दीने बेजार, आणि तोंडावर मास्क. कानाच्या विभागात तोंड झाकून बसलेली बाई पाहून हिला हसू आलं. मुलीलाही ते जाणवलं. तिने मास्क खाली ओढला, दोन शब्द बोलली आणि असा ठसका लागला की पुन्हा वर घेतला. नवरा म्हणाला, "राहू दे, राहू दे. ही सांगेल मला. हिच्याइतकं चोख कुणी सांगत नाही." आणि खुर्ची वळवून तो बायकोकडे तोंड करून बसला.

"काकू, सोपं करून सांगते," डॉक्टर म्हणाली. "आपल्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. काकांच्या त्या डीएनएमध्ये एका जागी एक छोटा बदल आहे. एरवी तो फारसा त्रास देत नाही. पण काही ठराविक अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली की कानातल्या पेशी मरतात. त्या पुन्हा होत नाहीत. काकांना लहानपणी तीच इंजेक्शनं दिली असणार."

ती नवऱ्याकडे वळली. एकेक शब्द सुटा करून सांगितलं. तो ओठ वाचत गेला तसतसा त्याचा चेहरा सैल होत गेला. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याच्या कानांचा हिशोब लावून दिला होता.

"घराण्यात आणखी कुणाला आहे?" डॉक्टरने विचारलं.

"यांच्या मामांना होतं. यांच्या भाच्याला आहे."

"बरोबर. मामा, मग भाचा, मग त्याचा भाचा." डॉक्टरला आनंद झालेला दिसला, गणित सुटल्यावर मुलांना होतो तसा. "मामा आणि भाच्याच्या मध्ये कोण असतं, काकू?"

"बहीण," ती म्हणाली.

"हेच. हा डीएनए फक्त आईकडून येतो. आई तो सगळ्या मुलांना देते, मुलगे असोत नाहीतर मुली. मुली पुढे त्यांच्या मुलांना देतात. मुलग्यांपाशी येऊन तो थांबतो. बापाकडून तो जातच नाही."

 खोलीत कुठेतरी पंख्याची पाती कुरकुरत होती, आणि ती ऐकत बसली.

"काय म्हणते?" नवरा म्हणाला.

"आईकडून येतं म्हणते. तुमच्या आईकडून."

"आईला तर ऐकू येत होतं."

डॉक्टरला तिने तसं विचारलं. डॉक्टर म्हणाली, इंजेक्शन मिळालं नाही तर काहींचं चांगलं राहतं, काहींचं वयाबरोबर हळूहळू कमी होत जातं, आणि बायका पुष्कळदा लपवतात. हे ऐकताना तिला सासू आठवली. पाठमोऱ्या सासूला हाक मारली की ती कधी वळायची नाही. हिने किती वर्षं मनात धरलं होतं की ही बाई आपल्याला कस्पटासमान लेखते. म्हातारी प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायची आणि वर तोऱ्यात हसायची. तोरा कसला, बाईला ऐकूच येत नव्हतं. पुरुषांचे कान गेले की त्यांचं घराणं व्हायचं, बायकांचे गेले की त्या शिष्ट ठरायच्या.

"एक चांगलं आहे," डॉक्टर म्हणाली. सर्दीने तिचा आवाज बसला होता, पण डोळे हसत होते. "काकांच्या मुलांना काही धोका नाही. कधीच नव्हता. किती मुलं तुम्हाला?"

"नाहीत," ती म्हणाली.

"आता काय विचारलं?" नवरा.

"मुलं किती विचारलं."

नवऱ्याने खुर्ची डॉक्टरकडे वळवली आणि त्या सपाट, मोठ्या आवाजात, जो बाहेरच्या बाकावरच्या शेवटच्या माणसालाही पोचला असेल, सांगितलं, "आम्ही होऊ दिलं नाही. मुद्दाम. राहिलं होतं, तेही काढून टाकलं. म्हटलं, आपल्यापाशी संपवू."

मास्कवरचे डोळे त्याच्याकडून हिच्याकडे आले आणि तिथेच थांबले. त्या पोरीचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला, परत आला. आता ही मास्क काढेल आणि त्याला सांगून टाकेल, असं हिला वाटलं.

"तुम्ही काही बोलू नका," ही ओठ न हलवता, खाली मान घालून म्हणाली. "मी सांगेन."

घरी येताना नवरा खुशीत होता. वाटेत त्याने गरम शेंगदाण्यांची पुडी घेतली. "म्हणजे इंजेक्शनाने केलं सगळं," तो म्हणत होता. "आणि ते आईकडून आलं. बिचारी आई. बरं झालं, मी पुढे जाऊ दिलं नाही." ती मान हलवत होती. हुशार माणूस. दातांचा अर्ध्या केसाचा फरक त्याच्या बोटाला कळायचा. आईकडून येतं म्हणजे बापाकडून येत नाही, एवढं त्याला कळायला कितीसा वेळ लागणार होता? पण त्याने ते स्वतःला कळू दिलं नव्हतं, आणि तिला तोंड उघडवेना. तिला त्याची दया आली. नंतर त्या दयेचीच चीड आली. मूल हिचं गेलं होतं, आणि दयाही हिनेच करायची.

शनिवारी सकाळी ती मागच्या खोलीत गेली. तो एका म्हाताऱ्याची खालची कवळी घासत होता. तिने टकटक केली, खिडकीकडे तोंड करून बसली आणि सांगितलं. काहीही न गाळता. मुलग्यांपाशी थांबतं. बापाकडून जात नाही. तुमच्या मुलांना धोका कधीच नव्हता.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं.

त्याने मशीन बंद केलं. कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली. हात पुसले, एकेक बोट वेगळं करून पुसलं. ती वाट पाहत होती. रडला असता तर तिने त्याला जवळ घेतलं असतं. आरडाओरडा केला असता, त्या चष्मा पुसणाऱ्या डॉक्टरला शिव्या घातल्या असत्या, मेलेल्या आईला बोल लावला असता, तरी चाललं असतं. एकदा 'आपलं मूल' म्हणाला असता तरी तिचं निभावलं असतं.

तो म्हणाला, "हे आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही."

"मग असं करू. इंजेक्शनाचं सगळ्यांना सांगू. बहिणीच्या मुलीला दिवस गेलेत, तिला कळायलाच हवं. ते महत्त्वाचं आहे. पण बापाचं सांगायची काय गरज आहे?"

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"परवा त्याचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली.

"त्याने मन घट्ट केलंय. आता कुठे त्याला डळमळीत करायचं? आणि हे शास्त्र रोज बदलतं. तेव्हाच्या डॉक्टरने एक सांगितलं, आजची एक सांगते, उद्या तिसरी काही सांगेल."

"तुम्हाला लोक काय म्हणतील याची भीती वाटते."

त्याने पुन्हा बोटं पुसायला घेतली.

"सभेत उभं राहून सांगता ना. त्या लोकांना काय सांगाल, याची भीती वाटते."

"मला काय माहीत होतं तेव्हा?" त्याचा आवाज चढला. "सांग ना. मला कुणी सांगितलं होतं?"

"तेव्हा नव्हतं माहीत," ती म्हणाली. "तेव्हाचं मी तुम्हाला काही म्हणत नाही. आता माहीत आहे."

"माझ्याजवळ दुसरं काय आहे?" तो म्हणाला. हे मात्र त्याने हळू म्हटलं, त्याला जमेल तितकं हळू. "बहिरा कवळीवाला. एवढी एकच गोष्ट केली मी, जिच्यासाठी लोक उठून उभे राहतात. ती पण मूर्खपणाची होती म्हणून सांगू?"

"माझ्याजवळ काय आहे?" तिने विचारलं. पण तोवर त्याने मशीन चालू केलं होतं आणि मान खाली घातली होती. तिने टकटक केली. त्याने वर पाहिलं नाही. टेबल हादरत होतं, त्यावरची प्लास्टरची भुकटी उडत होती, आणि तो दुसऱ्याचे दात घासत होता.

रविवारी दुपारी नणंद आणि भाचा जेवायला आले. टेबलाची मांडणी या घरात ठरलेली होती. बहिऱ्यांनी खिडकीकडे पाठ करायची आणि बोलणाऱ्यांनी खिडकीकडे तोंड, म्हणजे उजेड ओठांवर पडतो. मामा-भाचे एका बाजूला, नणंद-भावजय समोर. जेवण होईस्तोवर लग्नाच्या खरेदीचंच चाललं होतं. भाच्याने बूट घेतले होते आणि ते चावत होते. मग नवरा पाणी प्यायला आणि त्याने सांगायला सुरुवात केली.

चांगलं सांगितलं त्याने. रक्ताची तपासणी, त्या बारीक भट्ट्या, ते इंजेक्शन. नणंदेचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे आईकडून आलंय? माझ्यात पण आहे? दादा, याचे कान माझ्यामुळे गेले?"

"तुझ्यामुळे नाही. इंजेक्शनामुळे," तो म्हणाला. टेबलावरून हात लांब करून त्याने बहिणीच्या मनगटावर ठेवला. "तुला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. आता फक्त तुझ्या मुलीला सांग, तिच्या डॉक्टरला हे कळलं पाहिजे. बाळाला ती इंजेक्शनं द्यायची नाहीत, म्हणजे झालं."

नणंद रडायला लागली. भाच्याने आईची पाठ थोपटली. हिला वाटलं, हा माणूस चांगला आहे. खरंच चांगला आहे. म्हणून तर राग जास्त येतो. वाईट असता तर केव्हाच सोडून गेले असते.

मग भाच्याने मामाच्या दंडाला हात लावला. "आणि माझ्या मुलांना? झाली असती तर?"

सरळ प्रश्न. याला आता ना टाळून चालत होतं, ना अर्धवट सांगून. नवऱ्याने एकदा बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आणि तिने ती वाचली. आयुष्यभर त्याने तिचे ओठ वाचले होते, तिलाही त्याचे डोळे वाचता येत होते.

"धोका कशाला पत्करायचा?" तो भाच्याला म्हणाला. "तू ठरवलंयस ते योग्यच आहे. उद्या आठ वाजता मी तुला घ्यायला येतो."

भाच्याने मान हलवली. हसायचा प्रयत्न केला, पण तो नीट जमला नाही. काही नाही, नुसता खालचा ओठ जरा आत गेला. त्या पोरीने कपाशी चाळा केला होता, तसा तो पाण्याचा पेला फिरवत राहिला.

तिने टेबलावर टकटक केली.

दोघांनी एकदम वर पाहिलं. चार डोळे तिच्या तोंडावर.

"तुझ्या मुलांना काहीही होणार नाही," ती म्हणाली. "हे बापाकडून जात नाही. पुरुषापाशी येऊन थांबतं. डॉक्टर मला असंच म्हणाली."

भाचा मामाकडे वळला. "मामा?"

नवऱ्याचा चेहरा लाल झाला होता. "तिला नीट कळलेलं नाही," तो म्हणाला. "ती डॉक्टर तोंड झाकून बोलत होती. हिला नीट ऐकू आलं नसेल."

नणंदेचं रडणं थांबलं. हिला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं जे अंगावर बाळगलं होतं ते कुणीतरी काढून घेतल्यासारखं. त्याची दया, त्याचा अभिमान, तो बरोबर होता ही खुंटी, सगळंच.

"मला ऐकू येतं," ती म्हणाली. "मला शब्दन् शब्द ऐकू आला. तुझी मुलं तुझ्या हाकेला ओ देतील. नाही दिली तरी चालेल, ती तुझी असतील. माझंही झालं असतं. तीन महिन्यांचं होतं. त्याच्या कानांना काहीही होणार नव्हतं, आणि तुझ्या मामाला हे कालपासून माहीत आहे."

 भाच्याच्या हातातला पेला आडवा झाला होता आणि पाणी टेबलाच्या कडेकडे चाललं होतं.

"मामी," तो म्हणाला, "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. सावकाश, खिडकीकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून. ती भाच्याला सांगत होती, पण पाहत होती नवऱ्याकडे. मध्येच त्याने डोळे मिटून घेतले. त्याचे डोळे उघडायची वाट न बघता ती बोलत राहिली.